गाणे कोणाचे, दावा कोणाचा?

दलित साहित्याच्या समीक्षेने कवितेचा विचार केला, आत्मकथनाचा केला, कथेचा केला. गाण्याचा मात्र तिने म्हणावा तसा केला नाही. ज्या गाण्याने वस्तीवस्तीत आंबेडकरी विचार पोहोचविला, जे निरक्षर आईला तोंडपाठ होते आणि पदवीधर मुलाला अभ्यासक्रमाच्या पुस्तकात कोठे सापडत नव्हते, ते गाणे आमच्या समीक्षेच्या दाराबाहेरच उभे राहिले. जलसा, शाहिरी, कव्वाली, भीमगीत या साऱ्यांचा ‘चळवळीचे साधन’ म्हणून गौरव झाला; साहित्यकृती म्हणून तपासणी झाली नाही. गीत कोणी लिहिले, कधी लिहिले, मूळ पाठ कोणता, चाल कोठून आली, पहिल्यांदा कोणी गायिले, या प्रश्नांची उत्तरे आपण नोंदवून ठेवली नाहीत. आज हेच प्रश्न एक यंत्र विचारीत आहे. आणि ज्याच्याजवळ उत्तराचा कागद नाही त्याचे गाणे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत आहे.

इंटरनेटवरून गाणी प्रसृत करण्याच्या व्यवहारात कॉपीराइटभंगाचे दावे कसे केले जातात आणि कसे निकाली निघतात, हा विषय वरवर पाहता वकिलांचा किंवा कंपन्यांचा वाटतो. वस्तुतः तो आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा विषय आहे. म्हणून त्याची तांत्रिक बाजू आधी नीट समजून घेतली पाहिजे. जी व्यवस्था समजत नाही तिच्याविरुद्ध केवळ संताप व्यक्त करता येतो, लढा देता येत नाही.

यूट्यूबने २००७ मध्ये ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा सुरू केली. हक्कधारक म्हणविणारी कंपनी आपल्या ध्वनिमुद्रणाची प्रत या यंत्रणेत ठेवते. यंत्र त्या ध्वनीचा ठसा घेते, आणि पुढे कोणीही व्हिडिओ चढविला की त्यातील ध्वनी साठविलेल्या ठशांशी ताडून पाहते. ठसा जुळला की दावा आपोआप लागतो. मग दावेदारापुढे तीन मार्ग असतात. तो व्हिडिओ बंद पाडू शकतो, जाहिरातीचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो, किंवा नुसती पाहणाऱ्यांची नोंद ठेवू शकतो. यात कोठेही न्यायाधीश नाही. बहुतेक वेळा माणूसच नाही.

ही यंत्रणा सर्वांना खुली नाही. ज्यांच्याजवळ स्वतःच्या अनन्य हक्काच्या मोठ्या साठ्याचा पुरावा आहे त्यांनाच तिचे दार उघडते. मधल्या थरातील चॅनेलधारकाला आपल्या व्हिडिओची नक्कल शोधून देणारे एक लहान साधन मिळते. तळाच्या माणसासाठी एक अर्ज असतो. आपली चोरी त्याने स्वतः शोधायची, स्वतः लिहायची आणि स्वतः सिद्ध करायची. कायदा सर्वांना समान आहे असे म्हणतात. येथे मात्र पायरी पायरीने दारे आहेत, आणि कोणत्या पायरीवर उभे राहायचे हे आधीच्या मालमत्तेवर ठरते. जन्माने ठरत नाही हे खरे. पण पूर्वी कोणाच्या हाती मालमत्ता येऊ दिली गेली होती, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

दावा आणि ‘स्ट्राइक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मुलांचा पहिला गोंधळ येथेच होतो. यंत्राने लावलेला दावा ही शिक्षा नसते. त्यावर हरकत घेता येते, आणि हरकत घेतल्यावर दावेदाराला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास दावा गळून पडतो. दावा लागल्यापासून ५ दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवले जाते. दावेदाराने हरकत फेटाळली तर अपील करता येते, आणि त्यावर त्याला ७ दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. दावा सोडायचा नसेल तर त्याला कायद्याची रीतसर नोटीस द्यावी लागते. अशा नोटिशीने व्हिडिओ काढला गेला की मग स्ट्राइक लागतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेलच बंद होऊ शकते. म्हणजे हरकतीची वाट आहे. तिच्या टोकाला धोकाही आहे.

नोटिशीला उत्तर देण्याची सोय आहे, पण तिची अट पाहण्यासारखी आहे. यूट्यूब या बाबतीत अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे चालते. प्रतिनोटीस देणाऱ्याला आपले नाव व पत्ता द्यावा लागतो. तो दावेदाराकडे जातो. शिवाय अमेरिकेबाहेरच्या माणसाने, यूट्यूबचे कार्यालय ज्या न्यायक्षेत्रात आहे तेथील न्यायालयाची, म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियातील न्यायालयाची हुकमत मान्य असल्याचे लिहून द्यावे लागते. त्यानंतर दावेदाराने कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचे दाखविले नाही तर व्हिडिओ परत येतो. नांदेडच्या किंवा परभणीच्या मुलाने हलगीवर गाणे म्हटले आणि त्याचा न्याय कॅलिफोर्नियात मागायचा, अशी ही रचना आहे. तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढताना ज्याच्या बापाचे पाय लटपटत होते, त्याने हा मजकूर वाचून व्हिडिओच पुसून टाकला, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आमच्या महाविद्यालयात जयंतीच्या कार्यक्रमात बी.ए.च्या वर्गातील एका मुलीने एका दिवंगत शाहिराचे गीत गायिले. साथीला फक्त हलगी. मुलांनी ते मोबाईलवर टिपून यूट्यूबवर चढविले. दुसऱ्याच दिवशी एका कंपनीचा दावा लागला, आणि संध्याकाळपर्यंत मुलांनी ते काढून टाकले. त्यातून त्यांना एक पैसा मिळणार नव्हता, आणि दावेदारालाही. मी कारण विचारले तेव्हा एकच उत्तर आले: ‘सर, नोटीस आली.’ झोपडपट्टीत ‘नोटीस’ या शब्दाचा एकच अर्थ असतो. तो म्हणजे घर पाडायला येणार आहेत. नोटिशीला उत्तर द्यायचे असते, तिच्यावर हरकत घ्यायची असते, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या कागदाच्या आत राहिलेल्यांच्या घरी होतो. कागदाच्या बाहेर राहिलेल्यांच्या घरी होत नाही.

या ठिकाणी आकड्यांचा विचार केला पाहिजे. यूट्यूबने स्वतः प्रसिद्ध केलेल्या पहिल्या अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत कंटेंट आयडीतून ७२ कोटींहून अधिक दावे लागले. त्यांपैकी १ टक्क्यापेक्षाही कमी दाव्यांवर हरकत घेतली गेली. आणि ज्यांवर घेतली गेली, त्यांतील सुमारे ६० टक्के प्रकरणे व्हिडिओ चढविणाऱ्याच्या बाजूने सुटली. कंपनी पहिला आकडा पुढे करते: हरकत नाही, म्हणजे दावा बरोबर. यांतील बहुसंख्य दावे खरे असतीलही. दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण जसेच्या तसे उचलणारे थोडे नाहीत. परंतु जो माणूस बोलला त्याला दहापैकी सहा वेळा न्याय मिळाला, हा दुसरा आकडा वेगळेच सांगतो. न बोललेल्यांत किती जण खरे होते, हे कोणत्याच अहवालातून कळत नाही. मौन म्हणजे कबुली नव्हे, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

यंत्राची चूक कशी होते हे समजण्यासाठी एक परदेशी उदाहरण पुरेसे आहे. जेम्स ऱ्होड्‌स या ब्रिटिश पियानोवादकाने २०१८ मध्ये घरी बसून बाखची एक रचना वाजविली आणि फेसबुकवर टाकली. बाख १७५० मध्ये वारला. तरीही सोनी म्युझिकच्या वतीने त्यातील ४७ सेकंदांवर दावा लागला. रचना कोणाच्याच मालकीची नव्हती, आणि वादन ऱ्होड्‌स यांचे स्वतःचे होते. गाजावाजा झाल्यावर दावा मागे घेतला गेला. आता हाच प्रसंग आपल्या विहारात आणून पाहा. त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना यांचे पाली पाठ शतकानुशतकांचे आहेत. एखादी कंपनी ते ध्वनिमुद्रित करते. त्या ध्वनिमुद्रणावर तिचा हक्क निःसंशय आहे. पण विहारातील स्त्रियांनी आपल्या आवाजात म्हटलेल्या वंदनेवर तिचा काडीमात्र हक्क नाही. यंत्राला मात्र सूर सारखा लागला की दोन्ही एकच वाटतात. अशा वेळी हरकतीत दोन वाक्ये लिहिली की पुरे: पाठ प्राचीन आहे, आणि आवाज आमचा आहे.

दुसरे उदाहरण चुकीचे नाही, सरळ लुबाडणुकीचे आहे. अमेरिकेतील दोघांनी लॅटिन अमेरिकी संगीतातील ५० हजारांहून अधिक गाण्यांचे हक्क आपल्याकडे असल्याचे खोटेच सांगितले, एका मध्यस्थ कंपनीमार्फत कंटेंट आयडीत शिरकाव केला, आणि २०१७ ते २०२१ या काळात २ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम उचलली. २०२३ मध्ये त्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. या प्रकरणातील खरा मुद्दा रकमेचा नाही. चार-पाच वर्षे हा प्रकार चालू शकला, कारण यंत्रणा दावेदाराच्या शब्दावर चालत होती आणि मूळ कवी-गायक त्या यंत्रणेत कोठे नव्हतेच. जो नोंदीत नाही त्याच्या वाट्यावर कोणीही नाव लावू शकतो. जमिनीच्या बाबतीत हे आपण अनुभवले आहे. कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याचा.

आता कायद्याकडे वळू. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तो एका गाण्यात अनेक हक्क मानतो. शब्दांचा हक्क कवीचा. चालीचा हक्क संगीतकाराचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे ज्याने मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. गायक-वादकाला १९५७ च्या मूळ कायद्यात काहीच नव्हते. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरावर मानधनाचा अधिकार आला. कवी-संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. याउलट बाबासाहेबांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना मोकळे झाले आहेत. त्यांच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजली जाते.

हा भेद ध्यानात घेतला की दाव्यांचे स्वरूप उघड होते. एखाद्या कंपनीजवळ शाहिराच्या गीताची जुनी कॅसेट आहे. त्या कॅसेटमधील ध्वनिमुद्रणावर तिचा हक्क असू शकतो. म्हणून त्या गीताच्या शब्दांवरही तिचा हक्क आहे असे होत नाही. आमच्या विद्यार्थिनीने कॅसेट वाजविली नव्हती, स्वतः गायिले होते. तिच्यावर दावा करायचा झाला तर तो शब्दांच्या किंवा चालीच्या हक्कदाराने करायचा. आणि शब्दांचा हक्क कवीकडून कंपनीकडे गेला असे म्हणायचे तर लेखी, सही केलेला करार लागतो. कायद्याच्या १९ व्या कलमाची ही अट आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर त्याच कलमात असेही आहे की, करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे समजावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क गेला असे समजावे. कॅसेटच्या दिवसांत आपल्या किती कवींनी करार केले? चहा पिऊन, हातात शे-दोनशे रुपये घेऊन, कित्येकदा तेही न घेता, ‘समाजाचे काम आहे’ म्हणून गीते दिली गेली. तो भोळेपणा होता. पण कायद्याच्या दृष्टीने पाहता त्या भोळेपणात आज एक बळ आहे. कागदच नसेल तर शब्द कवीच्याच घरात राहिले. सिद्ध करण्याचा भार दावेदारावर आहे, कवीच्या विधवेवर नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात घेतलेल्या गीताच्या कवीला आपला मानधनाचा निम्मा वाटा सोडून देता येणार नाही. तसे लिहून दिले तरी ते निरर्थक ठरते. आणि करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यवहारात आलेले नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर तो हक्क त्या करारातून जात नाही. या तरतुदी २०१२ नंतरच्या करारांना उघडच लागू आहेत. आज जे तरुण गायक-कवी रॅप करतात, नव्या वाद्यमेळात भीमगीते बांधतात, आणि गाणे जगभरच्या मंचांवर पोहोचविण्यासाठी मध्यस्थ वितरकाच्या अर्जावर न वाचता होकाराची खूण करतात, त्यांनी हे दोन मुद्दे पाठ केले पाहिजेत.

या तरुणांपुढचा एक वेगळा धोकाही सांगितला पाहिजे. ते इंटरनेटवरून तयार ठेका विकत घेतात. तोच ठेका विकणाऱ्याने आणखी पन्नास जणांना विकलेला असतो. त्यांपैकी एक जण आपले गाणे वितरकामार्फत कंटेंट आयडीत नोंदवितो, आणि उरलेल्या एकोणपन्नासांवर दावे लागतात. यूट्यूबच्या नियमाप्रमाणे अनन्य हक्क नसलेला ध्वनी असा नोंदविताच येत नाही. तरीही तो नोंदविला जातो. अशा वेळी ठेका विकत घेतल्याची पावती आणि परवान्याची प्रत हाच बचाव. वितरकाचा व्यवहारही समजून घ्यावा. तक्रार आली की पुष्कळदा तो प्रथम गाणे उतरवितो आणि मग कागद मागतो. न्याय करणे हे त्याचे काम नव्हे. त्याला स्वतःची कातडी वाचवायची असते.

आपल्या देशातील कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. कलम ५२ आणि २०१३ चे नियम यांप्रमाणे तक्रार लेखी हवी, तिच्यात हक्काचा तपशील हवा. मध्यस्थाने ३६ तासांत मजकूर थांबवायचा, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करण्यास त्याला मोकळीक. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स या खटल्यात असा निर्णय दिला की, मध्यस्थाला जबाबदार धरायचे तर नेमक्या मजकुराची प्रत्यक्ष माहिती त्याला असली पाहिजे. मोघम यादी पुढे करून भागणार नाही. शिवाय कलम ६० हे आपल्या कार्यकर्त्यांना फारसे माहीत नसलेले कलम आहे. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध न्यायालयात जाऊन ती थांबविण्याचा हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते. दुसरीकडे कलम ६३ खाली हेतुपुरस्सर हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे म्हटले आहे. म्हणजे भय अगदी निराधार नाही. पण भयाचे कारण माहीत असणे आणि नुसते भय असणे, यांत फरक आहे.

येथवर मी कंपन्यांविषयी बोललो. आता आपल्याविषयी बोलले पाहिजे.

आंबेडकरी गाण्याने चाली उसन्या घेतल्या. लावणीच्या, कव्वालीच्या, भजनाच्या, आणि पुढे उघड उघड चित्रपटगीतांच्या. यात लाज वाटण्याचे कारण नाही. कानावर आधीच असलेल्या चालीत नवा विचार घातला की तो एका रात्रीत तोंडी बसतो. सत्यशोधक जलशांपासून हे शहाणपण चालत आले आहे. पण कायद्याच्या भाषेत अशा गाण्याचे शब्द आपल्या कवीचे आणि चाल परक्याची. जी ध्वनिमुद्रणे पाच वर्षांनंतर परवान्याने पुन्हा करता येतात, त्या तरतुदीत शब्द बदललेले गाणे बसत नाही. म्हणून चालीवर दावा आला तर तो खोटाच आहे असे ओरडून उपयोग नाही. आपले म्हणणे वेगळे असले पाहिजे: चालीचा वाटा चालीला घ्या, शब्दांचा वाटा शब्दांना द्या. आज होते ते असे की चालीचा मालक नोंदीत असतो, शब्दांचा कवी नसतो, आणि सगळे उत्पन्न नोंदीत असलेल्याकडे जाते. हा अन्याय यंत्राने केलेला असला तरी त्याला वाट आपल्या बेफिकिरीने करून दिली आहे.

त्याहून गंभीर गोष्ट नावाची आहे. आपल्या शाहिरांना नावाचे महत्त्व कळत होते. संतांच्या अभंगात शेवटी नाव येते. चोखोबांच्या येते, सोयराबाईंच्या येते. वामनदादांच्या कितीतरी गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा, वयात आल्यावर अक्षरे शिकलेला हा कवी आपले नाव गाण्यात विणून ठेवतो. कारण छापील पान आपल्या वाट्याला येईलच याची खात्री त्याच्या समाजाला कधीच नव्हती. ही नाममुद्रा म्हणजे त्या कवीचा सातबारा होता. परंतु मंचावर वेळ कमी म्हणून शेवटचे कडवे गाळले गेले. कॅसेटची बाजू संपत आली म्हणून ते गाळले गेले. पुढे वेष्टनावर गायकाचा फोटो आला, कंपनीचे नाव आले, आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे छापले गेले. इंटरनेटवर तेच वेष्टन टंकित होऊन चढले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्यातून गेलेल्या माणसाच्या निर्मितीला ‘पारंपरिक’ म्हणणे हे वर्णन नाही. ते बेदखल करणे आहे. अमुक लोकांची निर्मिती व्यक्तीची, आणि तमुक लोकांची निर्मिती समूहाची, अनाम, आपोआप उगवलेली, असे मानण्याची जुनी सवय या एका शब्दात दडलेली आहे. दुःख असे की हा शब्द पुष्कळदा आपल्याच माणसांनी लिहिला.

कायदा येथे कवीच्या बाजूला आहे. कलम ५७ प्रमाणे आपले कर्तृत्व सांगण्याचा अधिकार, हक्क विकल्यानंतरही, कवीजवळ राहतो. तो विकता येत नाही. पण तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी पुरावा लागतो.

काही मित्र यावर म्हणतात: गाणे लोकांचे आहे, चळवळीचे आहे, त्यावर मालकी सांगणे हाच भांडवली विचार. ‘समाजाने समाजाचे गावे, कोणी दावा करू नये.’ या भूमिकेत औदार्य आहे, हे मी मान्य करतो. जयंतीच्या मंचावर गाणाऱ्या पोराकडून कोणी पैसे मागू नयेत हे बरोबरच आहे. पण आपण मालकी सोडली म्हणून गाणे मोकळे राहत नाही. ते पडीक जमिनीसारखे पडते आणि शेजारचा सावकार त्याला कुंपण घालतो. अंगावर पुरेसे कपडे असलेल्यानेच त्यागाच्या गोष्टी बोलाव्यात. ज्या कवींचे म्हातारपण औषधाच्या पैशांसाठी झिजले, त्यांच्या वारसांना ‘गाणे लोकांचे’ असे सांगणे म्हणजे वेठबिगारीला तत्त्वज्ञानाचा मुलामा देणे होय. गाणे लोकांनी गावे, आणि त्यातून कोणी धंदा करील तर कवीचा वाटा कवीला मिळावा; या दोन गोष्टींत विरोध नाही.

मग करायचे काय? माझ्या मते काम तिहेरी आहे.

पहिले काम कवी-गायकांचे. नव्या गीताच्या वहीत तारीख, चालीचा उगम, पहिल्या गायनाचे ठिकाण लिहावे. करार लेखी करावा, मुदत आणि माध्यमे लिहून घ्यावीत. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. निर्मितीबरोबरच हक्क जन्मतो. परंतु ५०० रुपये शुल्कात गीताची नोंदणी होते आणि वादाच्या वेळी ती उपयोगी पडते. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचे सभासदत्व केवळ चित्रपटाच्या कवींसाठी नाही. गायकाला आपल्या ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक माहीत असला पाहिजे, जसा शेतकऱ्याला गट क्रमांक माहीत असतो.

दुसरे काम कार्यकर्त्यांचे आणि विद्यार्थ्यांचे. दावा आला की व्हिडिओ पुसू नका. दावा शब्दांवर आहे, चालीवर आहे की ध्वनिमुद्रणावर, ते पाहा. आवाज आपला असेल तर तसे लिहा. पाठ मोकळा असेल तर तसे लिहा. कवीच्या वारसांची संमती असेल तर ती जोडा. दावा खरा असेल तर सरळ मान्य करा. दुसऱ्याच्या घामाला फुकट मानण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन वकील आणि शिक्षक मिळून ही हरकतपत्रे लिहून देऊ शकतील. आपल्या पूर्वसूरींनी वस्तीत अर्ज लिहून देण्याचे काम केले होते. हे त्याच जातीचे काम आहे.

तिसरे काम समीक्षेचे, आणि ते आपल्यासारख्या शिक्षकांचे आहे. गीतांच्या वह्या ट्रंकांतून बाहेर काढल्या पाहिजेत. प्रत्येक कवीच्या गीतांची सूची, पाठभेद, नाममुद्रेचे कडवे, चालीचे मूळ, प्रथम प्रसिद्धीचे वर्ष, कॅसेटचा क्रमांक, यांची शास्त्रशुद्ध नोंद झाली पाहिजे. संतवाङ्मयाच्या पाठशुद्धीसाठी विद्यापीठांनी आयुष्ये खर्ची घातली. भीमगीतांच्या पाठशुद्धीसाठी एका एम.फिल.च्या विद्यार्थ्यालाही विषय मिळत नसे. ‘यात साहित्यिक मूल्य काय?’ असे विचारले जाई. ते मूल्य आज दुसरेच लोक ओळखतात आणि त्याची वसुलीही करतात. पाठसंपादन हा आपल्याकडे निवांत पंडितांचा उद्योग समजला गेला. आज तो पुरावा आहे. सूचीतील एक नीट नोंद दहा निषेधपत्रकांपेक्षा अधिक काम करील, कारण यंत्रापुढे आणि न्यायालयापुढे घोषणा चालत नाही. नाव, तारीख आणि कागद चालतो.

ज्यांना लिहिण्याची बंदी होती त्यांनी गाऊन ठेवले. ते कोणी गायिले, हे लिहून ठेवण्याची आता कोणाचीही बंदी नाही. तरीही ते लिहिले गेले नाही, तर पुढच्या पिढीला आपल्याच आजोबांचे गाणे म्हणताना कोणाची तरी परवानगी मागावी लागेल, आणि त्या वेळी दोष केवळ कंपनीला देता येणार नाही.